त्या दोघांचं एकमत

माझ्या नवऱ्याचं एका बाईशी शंभरातल्या चौऱ्याण्णव गोष्टींवर एकमत होतं, आणि ही बातमी मला ऑफिसात, सगळ्यांच्या देखत, भिंतभर मोठ्या आकड्यात दाखवली. वर टाळ्या वाजवायला लावल्या. मीही वाजवल्या, करता काय.

आता हे पहिल्यापासून नीट सांगते, नाहीतर तुम्ही भलतंच काहीतरी समजून बसाल.

आमचं काम खोट्याचं. म्हणजे खोटं आम्ही बोलत नाही, लोकांनी बोललेलं गोळा करून तपासतो. विद्यापीठाच्या मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या आहेत. मध्ये पातळ फळ्यांच्या भिंती, एका खोलीत पेन पडलं तरी शेजारच्या खोलीत कळतं. शहराची निवडणूक झाली की तिच्या आधी लोकांच्या फोनवर काय काय फिरलं ते आम्ही मिळवतो. लोकांनी आपणहून दिलेलं, नावं खोडलेलं. त्यातलं खरं किती, खोटं किती, ते वाचून माणूस मतदानाला गेला की घरी बसला, गेला तर मोजणीवर त्याचा विश्वास उरला का, हे शोधायचं. खोट्याने लोकशाही पोखरते असं भाषणात कुणीही म्हणतं. आम्हाला ते मोजून दाखवावं लागतं.

मोजायची रीत अशी. एकेक मजकूर दोन माणसांनी आपापला वाचायचा आणि त्याला पाचातलं एक लेबल लावायचं: खरं, खोटं, दिशाभूल, विनोद, सांगता येत नाही. त्यावर दोघांनी एकमेकांशी चकार शब्द काढायचा नाही. एकमेकांना न विचारता दोघं एकच म्हणाले तर ते धरून चालायचं. नाही जुळलं तर तो मजकूर तिसऱ्या माणसाकडे जातो, आणि तो सांगेल ते अखेरचं. त्याचा निकाल मग दोघांनाही कळवतात, म्हणजे पुढच्या वेळी तेच घोळ नकोत. यातला पहिला माझा नवरा, दुसरी ती नवी आणि तिसरी मी.

नवीला नाव आहे, चांगलं आहे. पण ती आली त्या दिवशी सगळे ‘नवी’ म्हणाले आणि तेच चिकटलं. मला ते बरंच पडलं, तिचं नाव तोंडात घ्यावं लागलं नाही.

वीसेक वर्षांपूर्वी या कामावर पहिला तो होता आणि दुसरी मी. तिसरे होते मोठे सर, आमचे आजचेही प्रमुख. तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस होते. ते आमच्यामुळे गेले असं ते अजून पाहुण्यांना सांगतात. आमचं जुळायचंच नाही. ढीग संपला की सर आम्हाला समोरासमोर बसवायचे आणि म्हणायचे, भांडा, आणि नियम काय ते ठरवूनच उठा. मग काय, आम्ही भांडायचो. खोलीत भांडायचो, जिन्यात भांडायचो, बसस्टॉपवर भांडायचो आणि त्याची बस निघून जायची. मी म्हणायची हे खोटं, तो म्हणायचा ही दिशाभूल, आणि असं म्हणताना तो माझ्याकडे अशा काही डोळ्यांनी बघायचा की जगात दुसरं कुणी शिल्लकच नाही. भांडण रोज अर्धवट राहायला लागलं म्हणून आम्ही लग्न केलं. मला कुणी फुलं दिली नाहीत. मला ‘साफ चुकतेस तू’ असं तोंडावर सांगणारा एक माणूस मिळाला, आणि मी त्यावर खूश होते.

लग्नानंतर भांडणं घरी आली. सासूबाई पहिली दोन वर्षं घाबरून मध्ये पडायच्या, मग आपल्या खोलीचं दार लावून घ्यायला शिकल्या.

तर ही नवी. आली तेव्हा मला तिच्याबद्दल बरंवाईट काही वाटलं नाही. तिशीतली, केस पेन्सिलने वर अडकवलेले, बोलणं जेवढ्यास तेवढं, नोकरी तात्पुरती. आमचा अभ्यास वर मान्य झाला की तिला कायम करणार होते. पहिल्या ढिगात तिचं आणि नवऱ्याचं शंभरात साठ जुळलं. उरलेले चाळीस माझ्याकडे आले. मी चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि मजेत निवाडे करत बसले.

मग एका संध्याकाळी जेवता जेवता नवरा म्हणाला, “ती नवी हुशार आहे हं.”

एवढंच. त्याला मागचा संदर्भ नाही, पुढची पुस्ती नाही. वीस वर्षांत मला या माणसाने हुशार म्हटलेलं मला आठवत नाही. मी भात चिवडत बसले. सासूबाईंनी विचारलं, “कोण नवी?” आणि तो म्हणाला, “आहे एक.” आता तुम्हीच सांगा, सरळ उत्तर द्यायला काय जात होतं त्याचं?

त्याच आठवड्यात त्याने चष्म्याची दांडी घट्ट करून आणली. तो चष्मा वर्षभर नाकावरून घसरत होता. मी वर्षभर सांगत होते, मेल्या, दुकान रस्त्यात आहे, दोन मिनिटांचं काम आहे. मी विचारलं, आज कसं सुचलं? तर म्हणे, “नवी म्हणाली, सर, चष्मा पडेल एखाद्या दिवशी.” माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण बोलणार काय? चष्मा घट्ट केला म्हणून नवऱ्याला जाब विचारणारी बायको जगात मी पहिलीच ठरले असते.

माझ्यापुढे येणाऱ्या मजकुरावर दोघांची लेबलं असायची, पण नावं नसायची. अ आणि ब, बस्. कुठलं कुणाचं ते मला कळू नये असा नियमच आहे. अहो, पण वीस वर्षं ज्याच्याशी संसार केला त्याला ओळखायला नाव कशाला लागतंय? माझ्या नवऱ्याने जन्मात कधी ‘सांगता येत नाही’ हे लेबल लावलेलं नाही. रस्ता चुकला तरी तो म्हणतो, मुद्दाम इकडून आणलं. पहिल्या चार मजकुरांतच मला कळलं, अ म्हणजे आमचं रत्न आणि ब म्हणजे ती.

आणि मी ब ला पाडायला सुरुवात केली.

आधी जिथे तिचं थोडं चुकत होतं तिथे. मग जिथे दोन्ही बाजूंनी बोलता आलं असतं तिथे. मग जिथे सरळसरळ तिचंच बरोबर होतं तिथेही. प्रत्येक वेळी निकाल अ च्या बाजूने. दुपारी तो निकाल तिच्या पडद्यावर जायचा, मला फळीच्या भिंतीपलीकडून तिचा लहानसा उसासा ऐकू यायचा, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. घे, हुशार.

एक मजकूर मला चांगला आठवतो. ‘आपल्या बाजूच्यांनी आजच मतदान करा. त्यांच्या बाजूच्यांचं मतदान उद्या आहे, त्यांनी घाई करू नये.’ खाली दात काढणारं पिवळं तोंड. अ ने लेबल लावलं होतं विनोद. ब ने लावलं होतं खोटं, आणि शेजारी टीप लिहिली होती: पुढे पाठवताना पहिलं वाक्य आणि ते तोंड गळलं, की उरतं फक्त ‘मतदान उद्या आहे’. टीप वाचली आणि मनातल्या मनात मला मान्य करावं लागलं की बाई खरोखरच हुशार आहे. त्यामुळेच माझं डोकं जास्त फिरलं. मी विनोदावर खूण केली आणि खाली असं भारदस्त कारण लिहिलं की वाचून कुणाची परत तोंड उघडायची हिंमत होऊ नये.

पुढच्या ढिगात त्या दोघांचं शंभरात त्र्याहत्तर जुळलं. त्याच्या पुढच्यात पंच्याऐंशी. माझ्याकडे येणारे मजकूर आटत चालले. सकाळी यायचे तर पडद्यावर दहाबारा, तेही बारीकसारीक, आणि अकरा वाजता मी मोकळी. हात बांधून बसायचं आणि फळीला कान लावायचा. पलीकडे चिडीचूप. बोलायचं नाही असा नियमच होता ना. पण मला जास्त जाळलं ते त्या शांततेनेच. मला वीस वर्षं घसा फोडून जे जमलं नाही ते हिला तोंडही न उघडता जमत होतं.

घरी तर आनंदच. कामावर सगळं सुरळीत, म्हणून नवरा खुशीत. मी काही टाकून बोलले तरी हसून सोडून द्यायचा. आठवडाभर आमच्या घरात आवाज चढला नाही. शेवटी सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, “अगं, तुमचं भांडण ऐकू येत नाही हल्ली. तब्येती बऱ्या आहेत ना दोघांच्या?”

“बऱ्या आहेत, आई,” मी म्हटलं.

“मग बाहेर काही आहे का त्याचं?”

आईच मुलाबद्दल असं विचारते म्हटल्यावर उरलं काय? मी म्हटलं, “काहीतरीच काय.” त्या म्हणाल्या, “त्याचे वडील गोड बोलायला लागले की मी खिसे तपासायची.” मी खिसे तपासले. बसची तिकिटं आणि एक पेन्सिल. पेन्सिल कुणाचीही असते, पण मी ती उचलून खिडकीबाहेर फेकून दिली.

आणि मग तो दिवस आला, चौऱ्याण्णवचा. मोठ्या सरांनी सगळ्यांना जमवलं, भिंतीवर आकडा टाकला आणि सांगितलं की या विभागात इतकं एकमत आजवर कुणाचं झालेलं नाही. “आमच्या जुन्या जोडीचं तर कधी साठसुद्धा नव्हतं,” ते माझ्याकडे बघून म्हणाले आणि सगळे हसले. नवरा लाजला. हो, लाजला. पन्नाशीला टेकलेला माणूस कानापर्यंत लाल झाला आणि नवीकडे बघून मान हलवली. तिने मान खाली घातली. मी टाळ्या वाजवल्या त्या इतक्या जोरात की शेजारचा कारकून दचकून बघायला लागला.

आता निवाड्याला काही उरलं नाही म्हणून सरांनी मला मतदारांच्या मुलाखती ऐकायला दिल्या. ज्यांनी आम्हाला फोनवरचे मजकूर दिले होते त्याच लोकांना विचारलेलं होतं, तुम्ही मतदान केलंत का, नाही तर का नाही. मी कानांवर हेडफोन चढवून चरफडत ऐकत होते. कुणाला कंटाळा आला, कुणाला सगळेच चोर वाटले. त्यात एक म्हातारी बाई बोलायला लागली.

ती म्हणाली, मी गेले होते की. चांगले कपडे घातले, ओळखपत्र पिशवीत घेतलं, शेजारणीच्या मुलीचा हात धरून शाळेपर्यंत गेले. तर वर्गात मुलं बसलेली. बाई फळ्यावर लिहीत होत्या. त्या म्हणाल्या, आजी, मतदान काल झालं. मी म्हटलं, माझ्या फोनवर तर आज होतं. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, कुणी पाठवलं होतं? तर म्हणाली, पुतण्याने. त्यालाही कुणी पाठवलं असेल. मग म्हणाली, घरी मात्र मी सांगितलं की मत देऊन आले. आता सगळे हसतील म्हणून. तुम्ही पण कुणाला सांगू नका.

मी हेडफोन काढले. मग पुन्हा घातले आणि पुन्हा ऐकलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला नुसती लाज वाटत होती. असे तारखेचे मजकूर शोधायला मी जुने ढीग उघडले. पुष्कळ निघाले. काहींच्या खाली पिवळं तोंड शिल्लक होतं, काहींच्या खाली नव्हतं. माझ्या त्या निकालानंतरच्या सगळ्यांवर एकच लेबल होतं, विनोद. अ चंही तेच, ब चंही तेच. दोघांचं एकमत, म्हणून माझ्याकडे आलेच नव्हते.

नवी कोपऱ्यातल्या बेसिनपाशी आपला कप धूत होती. मी सरळ जाऊन विचारलं, “काय गं, तारखेचे हे सगळे विनोद कसे झाले? आधी तर तू खोटं म्हणाली होतीस.”

म्हणजे ब कोण ते मला माहीत होतं, हे मी एका वाक्यात बोलून गेले. तिच्या ते लक्षात आलं, पण तिने तसं दाखवलं नाही. नळ बंद केला.

“ताई, खरं सांगू? मी आता मजकुराचा विचारच करत नाही,” ती म्हणाली. “सर काय भरतील तेवढाच विचार करते आणि ते भरते. सुरुवातीला माझं माझं भरत होते. पण शेवटी तुम्ही दर वेळी सरांचंच धरता. मला वाटलं, मलाच कळत नाही. नोकरी आधीच कच्ची. सारखी चुकणारी बाई कोण कायम करेल?”

“आणि माझ्या नवऱ्याशी तुझं...” मी म्हणाले आणि जीभ चावली.

“सरांशी माझं काय?” तिने विचारलं. खरंच विचारलं. तिच्या चेहऱ्यावर नुसता प्रश्न होता, आणि हातात तो ओला कप.

आता तुम्हाला वाटेल मला लाज वाटली असेल. वाटली, पण दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी मला काय आनंद झाला म्हणता. म्हणजे यांची मनं जुळणं वगैरे काही नव्हतंच. ही बिचारी नोकरीसाठी माझ्या नवऱ्याची नक्कल करत होती, आणि ती करायला तिला मीच भाग पाडलं होतं. मी येताना बाजारात थांबून स्वतःसाठी चप्पल घेतली. सासूबाईंना म्हटलं, आई, बाहेर काही नाही हो त्याचं. त्या म्हणाल्या, “मग भांडा की.”

दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी अहवालाचा मसुदा वाचायला घेतला. लांब टेबल, आम्ही सातआठ जण. निवडणुकीचे नियम ठरवणाऱ्या समितीकडे हा अहवाल जाणार होता. समितीने आम्हाला एक गोष्ट मुद्दाम विचारली होती: मतदानाच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर खरी तारीख सरकारने पाठवावी का? तेवढी गरज आहे का? सरांनी आमचं उत्तर वाचलं. तारखेबद्दलचे खोटे मजकूर नगण्य आढळले, आढळले ते विनोदाच्या स्वरूपाचे, सबब गरज दिसत नाही. आणि खाली ठळक अक्षरांत तो चौऱ्याण्णवचा आकडा, म्हणजे कुणी शंका घ्यायला नको.

मला शाळेच्या दारात उभी असलेली ती म्हातारी दिसायला लागली. मी म्हटलं, “सर, हे एकमत खोटं आहे.”

नवऱ्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “कशावरून?”

“तुमचं जुळलेलं नाही. जुळवलेलं आहे.”

“पुरावा?”

मी नवीकडे बघितलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी जर म्हटलं असतं की ही तुझं बघून भरते, तर तिची नोकरी तिथेच संपली असती. आणि ते काही खोटंही ठरलं नसतं. मी शब्द जुळवतेय तेवढ्यात नवरा म्हणाला, अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, “तुझं या मुलीशी काय वाकडं आहे? दोन महिने बघतोय मी.”

टेबलावरचे सगळे आपापल्या कागदांत बघायला लागले. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मला वाटत होतं मी मूग गिळून बसलेय, आणि विभागातल्या शिपायापासून सरांपर्यंत सगळे माझा जळफळाट बघत होते. आता मी काहीही बोलले असते तरी तो जळकेपणाच ठरला असता. आम्ही अभ्यासात हेच तर लिहितो, की लोक काय सांगितलं ते बघत नाहीत, कुणी सांगितलं ते बघतात. माझ्याकडे एकच वाट उरली होती.

“जळत होते मी हिच्यावर,” मी म्हटलं. “तू तिला हुशार म्हणालास म्हणून. चष्मा दुरुस्त केलास म्हणून. कुठलं लेबल कुणाचं ते मला ओळखू येत होतं आणि मी दर वेळी तिला पाडत होते. तिचं बरोबर असलं तरी. तारखेच्या मजकुरात तिचंच बरोबर होतं. ती तुझ्यासारखं भरायला लागली ती माझ्यामुळे. सर, हवं तर या दोन महिन्यांतले माझे निकाल काढून बघा, एकही तिच्या बाजूने सापडणार नाही. तिचा यात काही दोष नाही.”

सरांनी डोक्यावरून हात फिरवला, जिथे पूर्वी केस होते तिथून. मग त्यांनी नवीला विचारलं, “असं झालं?” ती म्हणाली, “हो सर.” आणि रडायला लागली. कारकुनाने तिला पाण्याची बाटली दिली. मला कुणी दिली नाही.

सरांनी तिथल्या तिथे निर्णय दिला. अहवाल थांबवायचा. सगळे ढीग पहिल्यापासून पुन्हा. तिसरी म्हणून मी बाद, माझ्या जागी बाहेरचे एक निवृत्त न्यायाधीश. मी मुलाखती ऐकायच्या. नवीला मुदतवाढ, पण एका अटीवर. “तुला जे वाटतं तेच भरायचं. आणि कामाला हात लावायच्या आधी तुम्ही दोघं समोरासमोर बसा, जुने नमुने घ्या आणि भांडा. नियम ठरल्याशिवाय उठायचं नाही.”

हे ऐकताना मला काहीच खटकलं नाही, यावर आता माझा विश्वास बसत नाही.

घरी येताना बसमध्ये नवरा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. आता फुटेल, मग फुटेल म्हणून मी वाट बघत होते. मला हवंच होतं ते. शेवटी तो म्हणाला, “जळत होतीस? माझ्यावरून?” मी हो म्हटलं. त्याने काचेत बघून केस सारखे केले. मला इतका राग आला की हसू आलं, आणि त्या दिवशी आम्ही घरापर्यंत भांडलो. माझ्या बेइमानीवरून, त्याच्या आंधळेपणावरून, वीस वर्षांच्या सगळ्यावरून. सासूबाईंनी खोलीचं दार लावून घेतलं ते समाधानाने. मला वाटलं, संपलं एकदाचं.

सोमवारी त्यांचं सुरू झालं.

मी शेजारच्या खोलीत हेडफोन लावून बसले होते. हेडफोनमधून कुणीतरी पाणीपट्टीबद्दल सांगत होतं आणि फळीपलीकडून नवीचा आवाज आला, “नाही सर, हे खोटंच आहे.” तिचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

“कशावरून खोटं? फोटो खरा आहे ना? मतदान केंद्र रिकामंच आहे ना?”

“केंद्र उघडायच्या आधीचा फोटो आहे. रिकामं असणारच.”

“मग ती दिशाभूल झाली.”

“तुम्ही सगळ्यालाच दिशाभूल म्हणता, सर. तुम्हाला कुणाला खोटारडं म्हणायचा धीर होत नाही.”

मी हेडफोन खाली ठेवले. हे वाक्य त्याला आजवर फक्त मी बोलले होते, लग्नाच्या आधी, जिन्यात. आता तो काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. तो आधी खुर्ची मागे सरकवणार. खुर्ची सरकली.

“साफ चुकतेस तू,” तो म्हणाला. आणि त्याच्या आवाजात तो तरतरीतपणा होता जो मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

हे रोज चाललं. नियम ठरेना आणि ते उठेनात. एकमत शंभरात पंचावन्नवर आलं, आणि सर म्हणाले, आता कुठे खरं काम होतंय. दुपारी मी त्यांचे चहाचे कप बघायची, दोन्ही भरलेले, वर साय धरलेले. एकदा तो तावातावाने बाहेर आला, माझ्या खोलीतल्या कपाटातून जुना अहवाल ओढला, मला ‘अगं सरक’ म्हणाला आणि पळत परत गेला. पन्नाशीचा माणूस पळत होता. आतून ती म्हणाली, “दाखवा, दाखवा, कुठे लिहिलंय?” आणि दोघं हसले. तिला त्यात काही वेगळं दिसत नसेल, त्यालाही अजून दिसत नसेल. मला दिसत होतं. त्या हसण्यातून मी गेलेले आहे, त्याच्या पुढे काय असतं ते मला माहीत आहे. मी दोन महिने उगाचच जळले होते. जळायचं ते आता होतं.

त्या आठवड्यात शुक्रवारी आम्ही जेवायला बसलो. तो अजिबात बोलत नव्हता. सासूबाईंनी फोन पुढे केला, कुणीतरी पाठवलं होतं की मोजणीच्या दिवशी वीज गेली आणि मोजणी बंद पडली. वीज गेली होती हे खरं, दहा मिनिटं. मोजणी बंद पडली नव्हती, मोजणारे बॅटरीच्या दिव्याखाली मोजत होते. हे आमच्या घरात मांजरालाही माहीत आहे. पण मी मुद्दाम म्हटलं, “हे खरंच आहे की. पूर्ण खरं. याला कुणी दिशाभूल म्हणत असेल तर त्याला काही कळत नाही.”

आणि मी त्याच्याकडे बघत राहिले.

त्याने घास गिळला. “हं,” तो म्हणाला. “असेल.”

“असेल काय? तुला काय वाटतं?”

“तू म्हणतेस तर बरोबर असेल.”

सासूबाई म्हणाल्या, “बघ, किती शहाणा झालाय.”

“नाही रे,” मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला. “मी चुकतेय. सरळ सरळ चुकतेय. सांग की मला, चुकतेस म्हणून.”

“जाऊ दे ना, राणी,” तो हसून म्हणाला, आणि गळ्यावरून हात फिरवला. “दिवसभर बोलून बोलून घसा पार बसलाय. ती पोरगी सोडतच नाही.”

मी उठले. पाणी गरम केलं, त्यात मीठ घातलं आणि गुळण्या करायला तांब्या त्याच्यापुढे ठेवला. शनिवारीही त्यांची बैठक होती.